डायर असं बोलत नाहीत

आमच्या कॅटलॉगमध्ये नवलकोलाच्या बियांबद्दल एवढंच लिहिलेलं आहे: ‘मला आवडत नाही. ज्यांना आवडतो ते म्हणतात चांगला आहे.’ बियाणं विकणाऱ्याने असं लिहावं का, असं मला इतक्या वर्षांत निदान शंभर जणांनी फोनवर विचारलं असेल. त्यातल्या नव्वदांनी फोन ठेवायच्या आधी नवलकोलाचं एक पाकीट मागवलं.

ते लिहिणारा माणूस म्हणजे ऑरिन डायर. अमेरिकेच्या मेन राज्यात, बँगोर शहराच्या वर तासाभराच्या अंतरावर, जिथे थंडीपायी जूनमध्येही रोपांवर चादर टाकावी लागते तिथे त्यांनी बियाण्याचा धंदा काढला आणि चाळीस वर्षं कॅटलॉगचा शब्द न् शब्द स्वतः लिहिला. त्यांचा नियम एकच. प्रत्येक बियाण्याचा एक तरी दोष सांगायचा, आणि तो आधी सांगायचा. टोमॅटोबद्दल: ‘दिसायला कुरूप. पाऊस जास्त झाला की फुटतो. चवीला याच्या तोडीचा दुसरा माझ्याकडे नाही.’ झुकिनीबद्दल: ‘दोन रोपं पुरेत. चार लावलीत तर ऑगस्टात लोक तुम्हाला बघून रस्ता ओलांडतील.’ हे काही खोटं नाही. झुकिनी एकदा धरली की खाऊन संपत नाही, मग लोक ती वाटत सुटतात. आमच्याकडे ऑगस्टात लोक चर्चबाहेर गाडीला आठवणीने कुलूप लावतात. चोरांची भीती नाही, कुणी मागच्या सीटवर झुकिनी टाकून जाईल याची असते.

मी लोरेन पेलेटियर. फोन घेते, पाकिटं भरते, पत्रांना उत्तरं देते. ऑरिन मला नुसतं ‘पेलेटियर’ म्हणतात, फौजेत हाक मारावी तसं. शिक्षण बारावीपर्यंत, तेही रडतखडत. पण लोकांशी बोलायचं कसं ते मला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वी ऑरिनचे डोळे गेले. पूर्ण नाही, पण मधोमध एक काळा ठिपका बसला आणि अक्षरं त्याच्यामागे जाऊन लपली. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि धंदा मुलीच्या, बेथनीच्या हातात दिला. बेथनीला मी ती बारा वर्षांची असल्यापासून ओळखते. हुशार पोरगी, हिशेबाला पक्की, पण लिहायला बसली की तिच्या अंगात कुणीतरी गोडबोली बाई शिरते. तिने त्या वसंतात सगळ्या गिऱ्हाइकांना ईमेल पाठवलं: ‘नमस्कार, बागप्रेमी मित्रांनो, तुमच्या स्वप्नातली बाग तुमची वाट पाहते आहे.’

दुसऱ्या दिवशी सकाळी न्यू हॅम्पशायरहून एका म्हाताऱ्याचा फोन आला. आवाज अगदी पडलेला.

“ऑरिन कधी गेला?” तो म्हणाला. “आणि मला कळवलंही नाहीत तुम्ही.”

“गेले कुठे? घरी अंगणात बसून मटार सोलतायत.”

“मग हे कुणी लिहिलं?”

दुपारपर्यंत असे सात फोन आले. एका बाईने तर शोकपत्र पाठवलं, निळ्या फुलांचं. ते मी ऑरिनना वाचून दाखवलं. ऐकून म्हणाले, “बरं लिहिलंय हिनं. जपून ठेव, लागेल.”

बेथनी मात्र हसली नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं: वेबसाइट एक बोलते, ईमेल दुसरंच बोलतं, आणि फोनवर लोरेन तिसरंच काहीतरी. गिऱ्हाइकाला वाटायला हवं की एकाच माणसाशी बोलतोय. म्हणून तिने ऑगस्ट लागताच पोर्टलँडहून कर्स्टन नावाच्या मुलीला कामावर घेतलं, सहा आठवड्यांसाठी. धंद्याचं बोलणं एकसारखं करून देणं हाच तिचा धंदा. मी ते ऐकलं तेव्हा नाक मुरडलं, हे कबूल करते. बोलणं काय कपड्यासारखं शिवून देतात की काय?

पण कर्स्टन तशी निघाली नाही. तिने पहिले दोन आठवडे काहीच लिहिलं नाही. चाळीस वर्षांचे कॅटलॉग वाचले, आणि मग माझ्या शेजारी खुर्ची टाकून मी फोनवर काय बोलते ते ऐकत बसली. मध्येच विचारायची, “लोरेन, तुम्ही त्या बाईंना ‘उत्तम’ असं का नाही म्हणालात?”

“उत्तम कुठे आहे ते गाजर? बरं आहे.”

ती ते लिहून घ्यायची. शेवटी तिने एक पान तयार केलं आणि भिंतीवर लावलं. डायर सगळ्यात चांगलं असं कशालाही म्हणत नाहीत. डायर दोष आधी सांगतात. डायर गिऱ्हाइकाला मित्र म्हणत नाहीत, तशी ओळख व्हायला वेळ लागतो. डायर रडत नाहीत आणि नाचतही नाहीत. असे अकरा नियम होते. मी ते वाचले आणि मला थोडं विचित्रच वाटलं, आपण कसे चालतो ते दुसऱ्याने कागदावर काढून दाखवावं तसं. पण एकही नियम चुकीचा नव्हता.

“आता या पानाबरहुकूम जानेवारीचा कॅटलॉग लिहायचा,” बेथनी म्हणाली. “कर्स्टन लिहील किंवा मी. बाबांना ऐकवू, ते ठरवतील.”

माझ्या मनात आलं, मी का नाही? पण मी तोंड उघडलं नाही. मला तो कॅटलॉग लिहायचा होता, किती वर्षांपासून लिहायचा होता ते माझ्या नवऱ्याला, रेलासुद्धा, माहीत नव्हतं. बारावीवाल्या बाईने असलं बोलून दाखवायचं म्हणजे हसू करून घ्यायचं.

मग ऑगस्ट संपता संपता मिरच्यांचे फोन सुरू झाले.

आमच्याकडे एक गोड मिरची आहे, लांब, लाल, तळून खायची. ऑरिनच्या आत्याने जपलेलं बी, म्हणून नाव हॅटीआत्या. कॅटलॉगमध्ये लिहिलंय: ‘उशिरा पिकते. धीर नसेल तर घेऊ नका. मुलंही हातात धरून खातात इतकी गोड.’ पहिला फोन व्हरमाँटहून आला, युनिस गॅरो नावाच्या बाईंचा.

“शनिवारी चर्चचं जेवण होतं,” त्या म्हणाल्या. “मी साठ हॅटीआत्या भरून भाजल्या. आमच्या पाद्रीबाबांनी पहिला घास घेतला आणि पुढची प्रार्थना पाणी पीतच केली.”

“तिखट?”

“बाई, तिखट म्हणजे काय, एक बाप्या तर बाहेर जाऊन नळाखाली बसला.”

मी हसले. मग दुसरा फोन आला, तिसरा आला, आणि चौथ्या फोनला काय झालंय ते मला कळलं.

आमच्या कोठाराच्या मागे कामगारांचे वाफे आहेत. ज्याला जे हवं ते लावावं, ही ऑरिनच्या काळापासूनची पद्धत. अट एकच: त्या वर्षी ज्या जातीचं बी धरायचंय तिचं भावंड, म्हणजे त्याच पिकाची दुसरी जात, लावायचं असेल तर आधी विचारायचं. आदल्या उन्हाळ्यात रेने चर्चच्या रोपविक्रीतून तिखट मिरचीची सहा रोपं आणली होती, लोणच्यासाठी. घरी जागा नव्हती. मी ती माझ्या वाफ्याच्या टोकाला खोचली. हॅटीआत्या तिथून चाळीस पावलांवर होती, बी धरायला लावलेली. मी विचारलं नाही. सव्वीस वर्षांनंतर मी कुणाला काय विचारायचं, असं वाटलं असावं. खरं तर काही वाटलंच नाही, खोचली आणि हात धुतले.

मधमाश्यांनी त्यांचं काम केलं, तिखटाचे परागकण गोडात नेले. आणि हे असं असतं की त्या वर्षीची फळं गोडच लागतात, आम्ही चाखून बघितली होती. भानगड असते ती आतल्या बियांत, आणि ती बाहेर येते पुढच्या उन्हाळ्यात, लोकांच्या परसात. गोड आणि तिखट जवळ लावू नका, हे मी दर वसंतात फोनवर दिवसाला पाच जणांना सांगत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

बेथनीने नोंदी काढल्या. हॅटीआत्या चारशे अठरा घरांत गेली होती.

“कुठून मिसळलं असेल?” ती कपाळ धरून म्हणाली. “पाकिटं भरताना? का कुणाच्या परसातून माश्या आल्या? शेजारचे लावतात का तिखट?”

मी गप्प बसू शकले असते. माझ्या वाफ्यात आता कांदे होते, रे आणि मी सोडून कुणाला आठवणही नव्हती. त्या टेबलापाशी मी निदान मिनिटभर गप्प बसले, आणि ते मिनिट मला चांगलं आठवतं, कारण तेवढ्यात माझा शेजाऱ्यांवर ढकलायचा विचार करून झाला होता.

“मी लावली होती,” मी म्हणाले. “सहा रोपं. वाफ्याच्या टोकाला.”

बेथनी ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तू?” ती म्हणाली. “अगं, तू?”

मग ती उठून खिडकीशी गेली आणि पाठमोरीच बोलली. “हे बाहेर सांगायचं नाही. बियाणेवाल्याच्याच आवारात, बियाणेवाल्याच्याच माणसाने. लोक म्हणतील, यांनाच कळत नाही तर आम्ही यांच्याकडून काय घ्यायचं? कर्स्टन, तू पत्र लिही. सभ्य, थोडक्यात.”

कर्स्टनने लिहिलं. अर्ध्या तासात वाचून दाखवलं: ‘काही ग्राहकांना या हंगामात अपेक्षेपेक्षा वेगळा अनुभव आल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे.’ एवढं वाचून ती थांबली. भिंतीवरच्या पानाकडे बघितलं.

“हे डायर नाही,” ती म्हणाली. “नियम मीच लिहिलेत आणि मीच मोडतेय. बेथनी, मी हे पाठवलं तर ते पान काढून फेकून दे. मिरची गोड असताना खरं बोलायला काय लागतं?”

“मग काय करू?”

“लोरेनना लिहू दे.”

मी घरी नेऊन लिहिलं. तीन पानं झाली. सकाळी कर्स्टनला दिली तेव्हा माझे डोळे सुजलेले होते. तिने पेन्सिल घेतली आणि पहिली दोन पानं सरळ बाजूला ठेवली.

“इथे तुम्ही किती वाईट वाटतंय ते सांगताय,” ती म्हणाली. “म्हणजे वाचणाऱ्या बाईने स्वतःची मिरची सोडून तुमचीच समजूत काढायची का?”

मला राग आला. एवढीशी पोर. पण तिचं म्हणणं पटलं तेव्हा राग गिळला आणि पुन्हा लिहिलं. ते हे:

‘तुम्ही आमच्याकडून हॅटीआत्याची गोड मिरची घेतलीत. ती तिखट निघाली असेल. चूक माझी आहे. मागच्या उन्हाळ्यात बियाण्याच्या मिरचीपासून चाळीस पावलांवर मी नवऱ्याच्या लोणच्यासाठी तिखट मिरचीची सहा रोपं लावली, कुणाला न विचारता. गोड आणि तिखट जवळ लावू नका असं मी तुम्हाला फोनवर सव्वीस वर्षं सांगत आले. ते अजूनही खरं आहे. पैसे परत हवे असतील तर कळवा, का ते लिहायची गरज नाही. मिरची आवडली असेल तर खा, पण तिचं बी धरू नका. पुढे काय निघेल ते कुणालाच सांगता येणार नाही. पुढची दोन वर्षं हॅटीआत्या मिळणार नाही. जुनं बी मूठभर उरलंय, त्यातून ती पुन्हा वाढवावी लागेल. — लोरेन पेलेटियर, फोनवर असते ती.’

बेथनीने ते दोनदा वाचलं. “पाठव,” ती म्हणाली, पण चेहरा दगडासारखा. “बाबांना मी आत्ता सांगत नाही. त्यांच्या आत्याचं बी आहे ते. कळेल तेव्हा तुझं काय करायचं ते तेच ठरवतील.”

चारशे अठरा पत्रं गेली. चोवीस जणांनी पैसे परत मागितले. बाकीच्यांतल्या काहींनी उत्तरं लिहिली. युनिस गॅरोंनी लिहिलं की पाद्रीबाबांनी माझं पत्र रविवारी सगळ्यांना वाचून दाखवलं, आणि ते वाचताना त्यांना पाणी लागलं नाही. मेरीलँडच्या एका माणसाने तीच तिखट मिरची पुढच्या वर्षीही हवी म्हणून आगाऊ मागणी नोंदवली. बेथनीचे डोळे चमकले. “नवीन नाव देऊ आणि विकू,” ती म्हणाली. “लोक मागतायत.”

“काय सांगून विकणार?” मी विचारलं. “एका रोपाला गोड लागेल, दुसऱ्याला जाळ. आपल्यालाच माहीत नसलेली वस्तू आपण कधी विकली?”

कर्स्टन मान खाली घालून हसत होती. बेथनीने तो विषय सोडला आणि त्या माणसाला नाही म्हणून मीच कळवलं.

सप्टेंबरच्या शेवटी ऑरिननी निरोप पाठवला: पेलेटियरला घेऊन ये, आणि ते पत्रही आण. त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. चाळीस वर्षं ज्याला हजारो लोक पत्रं लिहितात त्याच्यापासून काय लपणार? मी पत्र मांडीवर धरून बेथनीच्या गाडीत बसले. नोकरी जाईल याची भीती नव्हती, एकसष्टीला आले होते. पण त्या माणसाने मला नालायक म्हटलं असतं तर ते मी आयुष्यभर वागवलं असतं.

ऑरिन स्वयंपाकघरात शेगडीपाशी बसले होते, गुडघ्यावर घोंगडी. आमच्या पावलांच्या दिशेने तोंड वळवलं.

“वाच,” ते म्हणाले.

बेथनी वाचायला लागली तर म्हणाले, “तू नको. तिने लिहिलंय, तिलाच वाचू दे.”

मी वाचलं. संपल्यावर ते म्हणाले, “परत वाच.” मी परत वाचलं.

“बाबा,” बेथनी म्हणाली, “तिला मीच पाठवायला परवानगी दिली.”

“चांगलं केलंस. गप्प बस जरा.” त्यांनी घोंगडी सारखी केली. “पेलेटियर, एक्याण्णव साली तू नव्हतीस इथे. त्या वर्षी माझा लाल भोपळा कडू निघाला. आदल्या वर्षी मी शोभेच्या भोपळ्याच्या वेली बांधावर सोडल्या होत्या, मला दिसत होत्या, आळस केला. कडू निघाल्यावर मी कॅटलॉगमध्ये काय लिहिलं माहीत आहे?”

मला माहीत होतं. तो कॅटलॉग मी वाचलेला होता. ‘यंदा उन्हाळा थंड गेला, त्यामुळे काही ठिकाणी भोपळा कडवट झाला.’

“लोकांनी विश्वास ठेवला,” ऑरिन म्हणाले. “नुसता ठेवला नाही. एका बाईने मला पत्र लिहिलं. म्हणे, मिस्टर डायर, तुम्ही एवढं चांगलं बी देता, माझ्याच मातीत खोट असणार, पुढच्या वर्षी मी माती बदलते. पंचाहत्तर वर्षांची बाई. माझ्या आळसापायी तिने माती उपसली.”

शेगडीत लाकूड सरकलं. बेथनी खुर्चीत बसली. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“कॅटलॉगमधला तो खरं बोलणारा ऑरिन डायर,” ते म्हणाले, “तो मी नव्हतो. तो कसा बोलेल ते मला माहीत होतं, एवढंच. त्याच्यासारखं वागायची वेळ एकदाच आली आणि मी शेपूट घातली. तू नाही घातलीस.”

मला रडू येत होतं, पण तिथे रडायचं नव्हतं, म्हणून मी पत्राची घडी घालत राहिले.

“कॅटलॉग हिला दे,” ते बेथनीला म्हणाले.

“अख्खा?”

“मग काय अर्धा?”

“ऑरिन, मला शुद्ध लिहिता येत नाही,” मी म्हणाले. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोलले, नाहीतर मी तिथल्या तिथे हो, हो, हो म्हणाले असते.

“ते बेथनी तपासेल. कामं काय तिला?” आणि मग: “पहिल्या पानावर भोपळ्याचं यायला हवं. माझ्या नावाने. तीस वर्षं उशीर झाला, ती बाई आता नसेल, पण तिच्या घरातलं कुणी तरी आपलं गिऱ्हाईक असेल. मी सांगतो, तू लिही. आत्ताच लिही.”

बेथनीने पर्समधून वही काढून दिली. मी पेन उघडलं. ऑरिन छताकडे बघत बोलायला लागले, तोच आवाज, चाळीस वर्षांचा, सावकाश आणि कोरडा. “‘एक्याण्णव साली मी तुम्हाला कडू भोपळा विकला आणि दोष हवामानाला दिला. वेली माझ्या होत्या आणि त्या मला दिसत होत्या. त्या वर्षी उन्हाळा खरोखरच थंड होता, आणि हातात माणसंही कमी—’”

तेवढं लिहून माझं पेन थांबलं. ते ठेवू की नको, असं मला क्षणभरही वाटलं नाही.

“ऑरिन,” मी म्हणाले, “उन्हाळा नको. माणसंही नकोत.”

त्या माणसाचा शब्द आजवर कुणी बदललेला नव्हता, त्यांच्या बायकोनेही नाही. त्यांनी छतावरची नजर माझ्या दिशेने आणली, त्या काळ्या ठिपक्यामागून मी त्यांना किती दिसत होते कोण जाणे.

“बरं,” ते म्हणाले. “खोड.”

मी ते वाक्य खोडलं, एक सरळ रेघ मारून. इतका अभिमान मला माझ्या लग्नातही वाटला नव्हता, आणि रेला ते मी त्या संध्याकाळी जेवताना तोंडावर सांगितलं.